ठकू बुरडिणीचं बेट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, हे विचारू नका. धामणखोऱ्यात दोन म्हातारे ओट्यावर बसले की तीन आकडे सांगतात, मग त्यांचं भांडण लागतं आणि गोष्ट राहते बाजूला. तेव्हा फार वर्षांपूर्वी, एवढंच धरून चला.

त्या वेळी धामणखोऱ्यात ओढ्याच्या काठाला ठकू नावाची एक बुरडीण राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. झोपडीच्या मागे बांबूचं मोठं बेट होतं, तेच तिचं गणगोत. त्यातला बांबू तोडायचा, कोयतीने चिरायचा, त्याच्या कामट्या ओढ्यात भिजत घालायच्या आणि त्यांची सुपं, रोवळ्या, टोपल्या विणायच्या, हे तिचं काम. तिच्या रोवळीत तांदूळ धुतले तर एक कणी खाली जायची नाही, असं म्हणतात. ती विणायला बसली की ओढासुद्धा आवाज न करता वाहायचा, असंही म्हणतात. हात असे, आणि तोंड मात्र विचारू नका. सकाळी उठल्यावर ती आधी कोंबड्याला रागवायची, मग चुलीला, मग साऱ्या गावाला. पाण्याला आलेल्या बायांना म्हणायची, "या गावाला कुणीतरी टोपलीभर अक्कल आणून द्या गं. टोपली माझ्याकडनं न्या."

बाया हसायच्या. पण ठकू उगीच चिडत नव्हती, तेही खरं.

गावातली शाळा मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. शिकवायला त्र्यंबकपंत नावाचे पंतोजी होते. दसऱ्याला नवी मुलं शाळेत बसवायची आणि त्याची एक रीत होती. बापाने एका ताटात नारळ, मापटंभर तांदूळ आणि एक छडी घेऊन यायचं. छडीला हळदकुंकू लावलेलं असायचं. ते ताट पंतोजींच्या पुढ्यात ठेवायचं आणि म्हणायचं, "पंतोजी, पोरगं तुमच्या पदरात घातलं. डोळे तेवढे सांभाळा, बाकी तुमी जाणा." म्हणजे बघा, स्वतःच्या पोराला हाणायचं हत्यार बापच हौसेने घेऊन जायचा, तेही पूजा करून. ज्याची छडी लांब त्याची मान ताठ. संध्याकाळी मुलाच्या पाठीवरचे वळ मोजून शेजारणीला सांगणाऱ्या आयाही त्या गावात होत्या. आज पाच, म्हणजे आज पुष्कळ शिकला!

आणि ही छडी यायची कुठून? ठकूच्या बेटातून. दसऱ्याच्या आधी तिच्या दारात ही रांग लागायची. ठकू प्रत्येकाला दोन शब्द ऐकवायची. "सूप फाटलं तर वरीसभर गोणपाटावर पाखडतोस, आन् छडीला पयला उभा!" पण ऐकवून झालं की छडी द्यायची. नुसती द्यायची नाही, चांगली करून द्यायची. पेरं कोयतीने तासायची, काथ्याने घासायची, कुठे कूस, म्हणजे बारीक सल, राहिली नाही ना म्हणून स्वतःच्या गालावर फिरवून बघायची. तिला वाटायचं, मार तर बसणारच आहे, निदान लेकराच्या हातात कूस तरी जायला नको. आपण दया करतो आहोत, अशी तिची समजूत होती. गुळगुळीत छडी जास्त झोंबते, हे तिला कोण सांगणार? ती कधी शाळेत गेली नव्हती.

पंतोजी राक्षस नव्हते बरं का. ते स्वतः मार खाऊनच शिकले होते आणि शिकवायची दुसरी तऱ्हा त्यांना ठाऊकच नव्हती. त्यात मुलं झाली चाळीस आणि पंतोजींचा खांदा लागला दुखायला. मग त्यांनी छडी एका मोठ्या मुलाच्या हातात दिली. हा शिदू, पाटलांचा मुलगा, बारा वर्षांचा. चुकलं की शिदूने मारायचं, आणि हळू मारलं तर पंतोजींनी शिदूला मारायचं. शिदूचा मार खाल्लेली मुलं ओढ्यावर आली की आपल्यापेक्षा लहानाला बुकलायची. ते लहान आणखी लहानाला. सगळ्यांत धाकट्याला कुणी सापडलं नाही की ते कुत्र्याला दगड घालायचं. ठकूच्या दारासमोर हे रोज चालायचं आणि ती रोज विणकाम टाकून त्यांना सोडवायला धावायची. एकदा तिने चार-पाच वर्षांच्या पोरांना शाळा-शाळा खेळताना पाहिलं. सारा खेळ बघितला तिने. त्यात पाटी नव्हती, अक्षर नव्हतं, पाढा नव्हता. एकजण बसायचा आणि बाकीच्यांना मारायचा, संपली शाळा. ठकूने कपाळावर हात मारून घेतला.

ती चावडीवर जाऊन सांगायची. पाटील म्हणायचे, "ठके, पोरांना भ्या पायजे." पंतोजी म्हणायचे, "विद्येतलं तुला काय कळतं?" आया म्हणायच्या, "आमीबी मार खाऊनच मोठ्या झालो, काय झालं आमाला?" ठकू त्यांच्याकडे नुसती बघायची. काय झालं ते दिसतच होतं, पण सांगायचं कुणाला!

अशात पौष महिना आला. बिरू नावाच्या धनगराचा केरू हा मुलगा त्या दसऱ्यालाच शाळेत बसला होता. वय सात. पंतोजींनी त्याला तेराचा पाढा म्हणायला उभा केला. केरू म्हणत गेला आणि तेरा साते म्हणून अडला. पंतोजी ओरडले, "बोल!" केरू बोलेना. शिदूने छडी हातावर मारली, एक, दोन, तीन. तरी बोलेना. पंतोजी पुन्हा ओरडले, शिदू घाबरला आणि घाबरून त्याने छडी जोरात फिरवली. ती केरूच्या डाव्या कानावर बसली. कानातून रक्त आलं. केरू उठला आणि पळत सुटला, आणि ओढा ओलांडून ठकूच्या बेटात शिरला.

पुढचं सारं असं म्हणतात म्हणूनच ऐका.

बिरू मुलाला आणायला आला तो नवी छडी घेऊनच. शाळा सोडून पळाला म्हणजे काय! तो बेटात शिरायला गेला आणि दोन बांबू वाकून एकमेकांना भिडले. बिरू डावीकडे गेला, तिकडचे भिडले. उजवीकडे गेला, तिकडचे. पाटील आले, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांना तर बेटाने दहा पावलांवरच अडवलं. गडीमाणसं कुऱ्हाडी घेऊन आली. घाव घातला की पातं परत येऊन दगडावर आपटायचं आणि बांबूवर ओरखडासुद्धा उठायचा नाही. आणि आतून बारीक आवाज येत होता. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते. इथे आवाज थांबायचा. मग पुन्हा पहिल्यापासून, तेरा एके तेरा.

ठकू तिन्हीसांजेला बाजारातून आली तर दारात ही जत्रा. सारं ऐकून घेतलं आणि ती उसळली. "सरा बाजूला! माझं बेट हाय ते. माझ्या हाताखाली वाढलंय." पदर खोचून ती पुढे झाली, आणि बेट तिच्या तोंडावर मिटलं.

ठकूचा विश्वास बसेना. मग तिने बेटाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे सांगण्याजोग्या नाहीत. पाणी कुणी घातलं, वाळवी कुणी काढली, सारं बोलून झालं. बेट हललं नाही. शेवटी धापा टाकत तिने कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला, तेव्हा तिला दिसलं की हातात कोयती आहे. ती नेहमीच हातात असायची, म्हणून तिला ती कधी दिसलीच नव्हती. ठकूने कोयती खाली ठेवली. बेटात एका माणसापुरती वाट झाली.

केरू मधोमध गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ठकू आधी लांबच बसली, मग हळूहळू जवळ सरकली. तिने ओल्या पदराने त्याचा कान पुसला, तेव्हा त्याने पुसू दिला, पण पाढा थांबवला नाही. तेरा साते आलं की तो दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायचा. ते हात ठकूने पाहिले. तळव्यावर वळ उठले होते, आणि प्रत्येक वळात तीन-तीन बोटांच्या अंतरावर एक गाठ होती. ते अंतर तिने झोपेतही ओळखलं असतं. बेटाच्या उगवतीकडच्या बांबूची पेरं अशी जवळ-जवळ असतात, आणि ती पेरं तिने स्वतः तासली होती. गालावर फिरवून बघितली होती.

ठकू इतकी वर्षं साऱ्या गावावर चिडत आली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःवर चिडली, आणि तो राग आधीच्या साऱ्या रागांहून वाईट होता. तिला रडू आलं, पण रडायलाही तिला लाज वाटली. "चल रं लेकरा," ती म्हणाली. केरूने मान हलवली. तेरा एके तेरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चावडीवर गेली आणि तिने सांगितलं, ज्याला पोरगं हवं त्याने रिकाम्या हाताने यावं, दुसरी वाट नाही. लोकांनी ऐकलं. ऐकून काय म्हणाले असतील? पाटील हसून म्हणाले, "आगं ठके, पर तेराचा पाढा पाठ झाला की न्हाई? ऐकतोय आमी कालपासनं. मार लागू पडला म्हन की!"

चावडीवरच्या चार जणांनी माना डोलावल्या. खरंच डोलावल्या.

"पाठ झाला?" ठकू ओरडली. तिचा आवाज खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शेरडं राखणाऱ्यांनी ऐकला, असं म्हणतात. "आवो, पाठ न्हाई झाला! तेरा सात्याच्या पुढं पोरगं जाईना झालंय! तिथं त्येच्या कानावर तुमची छडी बसली, आन् तितंच ते बसून ऱ्हायलंय. छडी म्या दिली, मला म्हाईत हाय. पर आता उठा की कुणीतरी!"

कुणी उठेना. पाटलांना काठीशिवाय चारचौघांत जाणं म्हणजे पागोट्याशिवाय जाण्यासारखं वाटत होतं. बिरू म्हणाला, धनगराच्या हातातली काठी सुटली तर मेंढरं हसतील. पंतोजी पागोटं सारखं करत बसले. ठकूला वाटलं, एकेकाला धरून आपटावं. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काय वाटतंय, आणि ती तशीच परत फिरली. दुपारी तिने कण्या शिजवून केरूपुढे ठेवल्या. त्याने हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत त्याचं अंग तापलं.

तिसऱ्या दिवशी बेटातला आवाज बारीक झाला. सव्वीस नीट ऐकू येईना, अठ्ठ्याहत्तर तर येईचना. तेव्हा कुठे गावाचे पाय जमिनीला लागले. एकेकजण ओढ्यापाशी येऊन उभा राहिला. बिरूने काठी टाकली आणि रडत आत गेला. बेटाने त्याला वाट दिली, पण केरू बापाला बघून आणखी मागे सरकला. ठकूने गर्दीत शिदूला पाहिलं. त्याला ओढून आणायला तिने हात लांबवला, तो थेट त्याच्या कानाकडे गेला. ठकूने हात मागे घेतला. सवय अशी असते! मग ती साध्या आवाजात म्हणाली, "शिदू बाळा, हात बघू तुझं."

शिदूने हात उघडले. तळव्यांवर तसेच वळ होते, तीन-तीन बोटांवर गाठ. केरूच्या हातावर होते त्याहून जास्त. पाटलांनी आपल्या मुलाचे हात पाहिले. त्यांनी ते त्याआधी पाहिलेच नव्हते, अशी कथा आहे. त्यांच्या हातातून चांदीच्या मुठीची काठी गळून पडली आणि ओढ्यातून वाहून गेली. ती शोधायला कुणी गेलं नाही.

मग पंतोजी पुढे आले. त्यांच्या काखेत छडी होती. घरातून निघताना रोजच्यासारखी त्यांनी ती उचलली होती. ती त्यांनी ठकूच्या पायाशी ठेवली, पागोटं काढून ठेवलं, आणि तो साठीचा माणूस गुडघ्यांवर रांगत बेटात शिरला. मागून शिदू गेला. ठकू वाटेवर उभी राहून ऐकत होती.

"तेरा साते," केरू म्हणाला आणि त्याने डोकं झाकून घेतलं.

पंतोजींनी दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे दाखवले, मग हात पालथे करून दाखवले. शिदूनेही तसंच केलं. केरू बोटांच्या फटींतून बघत राहिला. आयुष्यभर ज्यांनी "बोल" म्हटलं होतं ते पंतोजी मग स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "एक्क्याण्णव."

केरूने डोक्यावरचे हात काढले. त्याने पंतोजींचे हात पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिले, शिदूचेही पाहिले. मग तो म्हणाला, "तेरा आठे एकशे चार." आणि तो बाहेर आला.

असं म्हणतात की त्या क्षणी सारं बेट फुललं, बाहेर पडलेल्या कुऱ्हाडींच्या दांड्यांना पालवी फुटली आणि देवळातल्या सगळ्या छड्या मऊ पडून वेलीसारख्या जमिनीवर पसरल्या. म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! पालवी फुटलीही असेल. पण केरूचा कान काही परत आला नाही. डाव्या बाजूने हाक मारली तर त्याला शेवटपर्यंत ऐकू आली नाही. एवढे चमत्कार झाले त्या दिवशी, आणि एक कान तेवढा बरा झाला नाही. ठकूने हे बेटाला कधी माफ केलं नाही आणि स्वतःलाही नाही.

तेव्हापासून तिने आपलं बिऱ्हाड जणू शाळेतच हलवलं. कामट्या घरी चिरायची, कोयती घरी ठेवायची आणि रिकाम्या हाताने येऊन देवळाच्या पायरीवर विणत बसायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायची, "हात बघू." पंतोजी असोत, पाटील असोत, नाहीतर आठ वर्षांचं पोर सहा वर्षांच्या पोराच्या मागे धावत येवो. दोन्ही बाजू दाखवल्याशिवाय आत सोडायची नाही. लोक वैतागले. ठकू त्यांच्याहून जास्त वैतागली. वैतागायला तिला कुणी शिकवायला नको होतं! अशी ती वीस वर्षं बसली, कुणी म्हणतं तीस.

ठकू गेली तेव्हा गावाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. नवे पंतोजी आले होते. पुढच्या दसऱ्याला कुणीतरी म्हणालं, अगदीच धाक नको असं कसं, एखादी बारीकशी छडी असू द्यावी. ती नव्या पंतोजींनी धोतराच्या घोळात लपवून आणली. पायरीवर त्या वर्षीची सगळ्यांत धाकटी मुलगी बसली होती. तिने ठकूला कधी पाहिलंही नव्हतं. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "हात बघू." आवाज ठकूचा होता. पंतोजींच्या धोतरातली छडी कडकन मोडली आणि तो आवाज देवळातल्या साऱ्यांनी ऐकला.

आता देवळात शाळा भरत नाही. पत्र्याची इमारत आहे, फळा आहे, भिंतीवर तक्रारपेटी आहे आणि तिला कुलूप आहे. पण शाळेचा पहिला दिवस धामणखोऱ्यात अजून तसाच सुरू होतो. पहिलीतलं सगळ्यांत लहान मूल दाराच्या पायरीवर बसतं. मुख्याध्यापिका, शिक्षक, खिचडी शिजवणाऱ्या बाई, पालक, तालुक्याहून आलेले साहेब, सातवीतली मिशा फुटलेली मुलं, सगळे रांगेत उभे राहतात आणि हात दाखवतात, आधी सुलटे, मग पालथे. पट्टी, फाईल, मोबाईल, सगळं खाली ठेवून. मुलाला वाटेल तेवढा वेळ लागतो. त्याला घाई कर म्हणायचं नाही. साहेबांना उशीर होतो, ते घड्याळाकडे बघतात, आणि दरवर्षी कुणीतरी शहाणा म्हणतोच की हे काय थेर, थोडी तरी भीती हवी. त्याला गाव एवढंच सांगतं, पायरीवर बसलेल्या ठकूआईसमोर बोला. मग तोही रांगेत उभा राहतो.

गेल्या वर्षी पायरीवर एक साडेपाच वर्षांची मुलगी होती. तिने सगळ्यांना आत सोडलं. शेवटी तिचा बाप पुढे आला. त्याने हात दाखवले, हात रिकामे होते. तिने पुन्हा बघितलं आणि मान हलवली. बाप हसला, म्हणाला, "अगं, काय नाहीये बघ." तिने पुन्हा मान हलवली. तेव्हा रांगेतलं कुणी हसलं नाही, आणि का म्हणून कुणी विचारलंही नाही. बाप शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका त्याच्याशी बराच वेळ बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी आला. मुलगी रोज त्याचे हात घ्यायची, उलटसुलट करून बघायची आणि खाली सोडायची.

"उद्या बघू," म्हणायची.